वाळूवरची अक्षरे : सहाध्ययनाची चारशे वर्षे

इ. स. १६२३ च्या नोव्हेंबर महिन्यात पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक रोमन प्रवासी इक्केरी येथे मुक्कामाला होता. हे गाव आजच्या कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात, सागरजवळ आहे. त्या काळी ती केळदीच्या नायकांची राजधानी होती. तेथील एका देवळाच्या ओसरीवर त्याला चार मुलगे गणिताचा धडा गिरवताना दिसले. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. एक मुलगा धड्याचा एक तुकडा सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने तो वाळूवर लिही. त्याच्यामागोमाग उरलेले तिघे तेच म्हणत आणि तेच लिहीत. जागा भरली की लिहिलेले पुसून टाकायचे, वर नवी वाळू भुरभुरायची आणि पुढचा धडा सुरू करायचा.

शिक्षक जवळपास कोठेच नव्हते. प्रवाशाला नवल वाटले. तुमच्यातला एखादा विसरला किंवा चुकला तर त्याला दुरुस्त कोण करतो, असे त्याने मुलांना विचारले. आम्ही चौघेही एकाच वेळी एकाच जागी चुकू, हे शक्य नाही. म्हणूनच आम्ही एकत्र बसतो, एक चुकला तर दुसरे त्याला सावरतात, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हे उत्तर देल्ला व्हाल्लेने आपल्या पत्रात नोंदवून ठेवले. पुढे त्याची पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि चार अनाम मुलांचे हे बोलणे इतिहासात टिकून राहिले.

शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत ज्याला आज ‘सहाध्ययन’ म्हणतात, त्याची याहून सोपी व्याख्या क्वचितच कोणी केली असेल. ही कल्पना त्या मुलांची स्वतःची होती असेही नाही. विद्येचा एक पाव भाग गुरूकडून, एक पाव स्वतःच्या बुद्धीने, एक पाव सहाध्यायांकडून आणि उरलेला पाव काळाच्या ओघात मिळतो, अशा अर्थाचे एक जुने संस्कृत सुभाषित पाठशाळांतून सांगितले जात असे. गुरूला आणि सोबत्यांना त्यात सारखाच वाटा दिलेला आहे. बरोबर शिकणाऱ्याला ‘सहाध्यायी’ म्हणण्याची पद्धतही तितकीच जुनी आहे.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांचे चित्र याहून फारसे वेगळे नव्हते. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात शाळा भरे. नवशिके मूल धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवी, पुढे गेलेला मुलगा बोरूने मोडी वळण घोटी, आणि पंतोजी हिशेबाकडे लक्ष देत असताना मोठी मुले धाकट्यांकडून बाराखडी म्हणवून घेत. पावकी, निमकी, सवाई, दिडकीचे पाढे सामूहिक स्वरात म्हटले जात. दिवेलागणीच्या परवच्यात तर एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी मागोमाग म्हणायचे, हा घरोघरचा परिपाठच होता. एकाच ओसरीवर निरनिराळ्या वयांची मुले बसत. त्यामुळे शिकणे आणि शिकवणे यांच्यात आजच्याइतकी ठळक रेघ ओढलेली नव्हती.

या पद्धतीची दखल इंग्रज अधिकाऱ्यांनीही घेतली. मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये देशी शाळांची पाहणी सुरू केली. त्या पाहणीत बळ्ळारीचे जिल्हाधिकारी कॅम्पबेल यांनी १८२३ मध्ये एक सविस्तर अहवाल पाठवला. अल्प खर्चात होणारे लेखनाचे शिक्षण आणि पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवण्याची रीत या दोन्हींची त्यात त्यांनी प्रशंसा केली असून, इंग्लंडने या रीतीचे अनुकरण केले ते योग्यच झाले, असे म्हटले आहे. मात्र त्याच अहवालात त्यांनी एका उणिवेवरही बोट ठेवले. मुले कवने तोंडपाठ म्हणतात, पण त्यांचा अर्थ त्यांना कळत नाही, अशी ही तक्रार आहे. गुण आणि दोष यांची ही जोडी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील इतिहासात ती पुन्हा पुन्हा भेटते.

कॅम्पबेल यांनी ज्या अनुकरणाचा उल्लेख केला, त्याची सुरुवात मद्रास शहरातच झाली होती. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्ये एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाचे अधीक्षक झाले. ब्रिटिश सैनिकांची अनाथ मुले तेथे शिकत. एकदा बेल यांनी एका देशी शाळेत मुलांना वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिले आणि तोच उपाय आपल्या शाळेत योजायचे ठरवले. हाताखालच्या शिक्षकांना हे मान्य नव्हते. त्यांनी टाळाटाळ केली. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर अक्षरवर्गाचे काम सोपवले. मोठ्या शिक्षकांनी अशक्य ठरवलेली गोष्ट त्या मुलाने करून दाखवली. हळूहळू बहुतेक वर्गांचे अध्यापन मुलांकडेच आले. इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये बेल यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि ही रीत ‘मद्रास पद्धती’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

सुमारे त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर या तरुण शिक्षकाने गरीब मुलांसाठी शाळा काढली होती. शिक्षक नेमायला पैसे नव्हते आणि मुले तर शेकड्यांनी येत होती. त्यानेही मुलांकडूनच शिकवून घेण्याचा मार्ग धरला. शिकवणाऱ्या मुलाला ‘मॉनिटर’ म्हणत. एका भव्य दालनात बाकांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक रांगेला एक मॉनिटर, मॉनिटरांवर देखरेख करणारे दुसरे मॉनिटर, आणि उंच जागी बसलेला एकटा शिक्षक, असे त्या शाळेचे स्वरूप होते. ठरलेल्या आज्ञेसरशी पाट्या वर होत आणि खाली होत. शिस्त मोडणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवीत. काहींना टोपलीत बसवून छताला टांगत. कारखान्यांच्या त्या युगात ही शाळा लोकांना आदर्श वाटली. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुलांचे शिक्षण होते, हा हिशेब धनिकांना आणि राज्यकर्त्यांना पटला आणि दोन्ही पंथांच्या शाळा इंग्लंडभर, पुढे इतर देशांतही पसरल्या.

इक्केरीच्या ओसरीवरून लंडनच्या दालनात पोचेपर्यंत या पद्धतीचे बाह्य रूप बरेचसे टिकले. वाळू होती, मुले होती, मूल मुलाला शिकवीतही होते. हरवला तो चौघांचा सारखेपणा. इक्केरीचा कोणताही मुलगा दुसऱ्या कोणाचीही चूक दाखवू शकत होता; आज ज्याने दुरुस्त केले, त्याला उद्या दुसरा दुरुस्त करणार होता. लंडनच्या दालनात चूक दाखवण्याचा अधिकार एकट्या मॉनिटरचा होता आणि मॉनिटरला तरी वरून आलेले शब्द जसेच्या तसे पुढे देण्यापलीकडे मोकळीक नव्हती. मुलाने प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर देण्याइतके ज्ञान त्या मॉनिटरजवळ नसे. वाचन, लेखन आणि आकडेमोड यांपुढे ही पद्धती जाऊ शकली नाही. १८४६ नंतर इंग्लंडमध्ये प्रशिक्षित उमेदवार शिक्षकांची योजना आली आणि मॉनिटरांची शाळा मागे पडत गेली.

दरम्यान हीच पद्धती समुद्रमार्गे आपल्या मायदेशी परतली होती. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२० च्या दशकात, देशी भाषांतील शाळा आणि पाठ्यपुस्तके यांसाठी एक संस्था स्थापन झाली. तिने आपल्या शाळांसाठी लँकेस्टरची पद्धती पत्करली आणि तिचे शिक्षण देऊन मराठी शिक्षक तयार करवले. जी रीत गावोगावच्या ओसऱ्यांवर चालत होती, ती आता विलायती शोध म्हणून सरकारी खर्चाने शिकवली जाऊ लागली. ‘मॉनिटर’ हा शब्द तर आजही शाळाशाळांत आहे. त्याच्या कामात मात्र मोठा बदल झाला आहे. एकेकाळी शिकवण्यासाठी नेमलेला हा विद्यार्थी आता शिक्षक वर्गाबाहेर गेले की खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो आणि बोलणाऱ्यांची नावे लिहितो. ती यादी ज्यांनी केली आणि ज्यांची नावे तिच्यात आली, अशा दोन्ही प्रकारच्या माजी विद्यार्थ्यांना यातील विसंगती सहज उमगेल.

जुन्या ओसरीचे कौतुक करताना एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. त्या ओसरीवर सर्वांना जागा नव्हती. पंतोजींच्या शाळेत मुली जवळजवळ नसतच आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना तिची पायरीही चढता येत नसे. एकमेकांना सावरणारे सोबती कितीही चांगले असले, तरी त्यांच्यात बसायलाच मिळाले नाही तर त्यांचा काय उपयोग? १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलांसाठीही शाळा काढल्या, तेव्हा त्यांनी या प्रश्नालाच हात घातला. सहाध्ययनाच्या इतिहासात त्यांचे स्थान याच कारणाने महत्त्वाचे आहे. कोण कोणाशेजारी बसतो, हे ठरल्यावाचून कोण कोणाकडून शिकतो, हे ठरत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे सूत्र आणखी पुढे नेले. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवीत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्र जाणतो. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. पाठ्यपुस्तकातील धडा येथे पुढे येई तो दिवसभर एकत्र राबलेल्या मुलांपुढे. ज्याच्याबरोबर पाणी भरले आणि भाकरी थापली, त्याला अडलेले गणित विचारायला संकोच कसला?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य याच वाटेवरचे. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केल्यानंतर ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले आणि पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत नेले. तेथे एक अडचण वारंवार पुढे येई. शाळेच्या वयाची मुले शाळेत येत नसत, कारण आईवडील मजुरीला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असे. मोठ्या मुलाला वर्गात आणायचे, तर त्याच्या कडेवरच्या बाळालाही शाळेत जागा द्यायला हवी, असा निष्कर्ष या दोघींनी काढला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी ‘विकासवाडी’ त्यातून आकाराला आली. जी मुले गुरे वळायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर गेली. मुलांचे परस्परांशी असलेले नाते शिक्षणाच्या आड येत नाही, उलट त्या नात्याच्या आधारानेच शाळा उभी राहू शकते, हे कोसबाडने दाखवून दिले.

मुले एकत्र बसवली, एवढ्याने ती एकमेकांकडून शिकू लागतात काय? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतून मिळाले. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात १९७१ च्या सुमारास गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात आणण्यात आले. वर्ग एक झाले, पण मुलांत तेढ वाढली. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला वर्गांचे निरीक्षण करताना तिचे एक कारण सापडले. शिक्षक प्रश्न विचारीत आणि मुले हात वर करून उत्तर देण्याची चढाओढ करीत. एकाला उत्तर आले की दुसऱ्याची संधी जाई. साहजिकच सोबत्याने चुकावे, असेच प्रत्येकाला वाटे. ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे पाच-सहा भाग केले आणि पाच-सहा मुलांच्या गटात प्रत्येकाला एकेक भाग दिला. आपला भाग ज्याने त्याने नीट समजून घेऊन इतरांना सांगायचा. पूर्ण धडा मिळवण्याचा दुसरा मार्गच नव्हता. जो मुलगा अडखळत बोले, त्याची टिंगल करून चालेना. त्याच्याजवळचा तुकडा सर्वांना हवा होता. त्याला धीर देणे आणि नेमके प्रश्न विचारणे मुले आपोआप शिकली. तुकडे जुळवून चित्र पूर्ण करण्याच्या खेळावरून या पद्धतीला ‘जिगसॉ’ हे नाव मिळाले.

भारतात अशा रचनेचा एक दीर्घ प्रयोग आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली येथे झाला. परिसरातील खेड्यांत एका शिक्षकाच्या छोट्या शाळा होत्या आणि एकाच खोलीत अनेक इयत्तांची मुले असत. ही उणीव मानण्याऐवजी ती आधाराला घेण्यात आली. अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची कार्डे तयार झाली. प्रत्येक मूल आपल्या गतीने शिडीची पायरी चढते. काही कामे शिक्षकांच्या मदतीने, काही सोबत्यांच्या मदतीने आणि काही स्वतःची स्वतः करायची, अशी गटांची आखणी असते. म्हणजे मुलांची मदत कोठे घ्यायची आणि शिक्षकाने स्वतः कोठे बसायचे, याचा विचार आधीच केलेला असतो. मॉनिटरांच्या शाळेत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

ऋषी व्हॅलीच्या या रचनेवरून प्रेरणा घेऊन २००३ मध्ये चेन्नई महानगरपालिकेने आपल्या १३ शाळांत कृतियुक्त अध्ययन सुरू केले. काही वर्षांत ते तामिळनाडूतील सरकारी प्राथमिक शाळांत सर्वत्र पोचले. बाके गेली, मुले चटईवर गोल करून बसली, शिक्षकही त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर भिंतीला फळे लागले. ज्या शहरात बेल यांनी वाळूवरची अक्षरे पाहिली, त्याच शहरात दोनशेहून अधिक वर्षांनी मुले पुन्हा जमिनीवर, एकमेकांच्या शेजारी बसून लिहू लागली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवणे परिणामकारक असल्याचे मान्य केले आहे. मात्र ते प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे, असेही त्यात सुचवले आहे. लँकेस्टरच्या दालनाचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला या अटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पालकांच्या मनात येथे एक रास्त शंका येते. हुशार मुलाचा वेळ इतरांना समजावण्यात गेला, तर त्याचे नुकसान होत नाही काय? त्याला सतत उपशिक्षक म्हणूनच राबवले, तर होते. मॉनिटरांचे तसेच झाले होते. परंतु भागाकाराची रीत सोबत्याला सांगू लागल्यावर ‘वरचा अंक खाली का घ्यायचा’ या प्रश्नाशी जे मूल अडते, त्याला स्वतःलाच ती रीत प्रथम खऱ्या अर्थाने कळते. जे आपल्याला येते असे वाटते आणि जे खरोखर येते, यांतील अंतर दुसऱ्याला सांगताना उघडे पडते. शिवाय गणितात पुढे असणारा मुलगा कवितेत मागे असू शकतो, आणि चित्रात रमणारी मुलगी भूगोलाचा नकाशा सर्वांत आधी वाचू शकते. भूमिका बदलत राहिल्या, तर वर्गात कायमचा शिकवणारा आणि कायमचा शिकणारा कोणीच उरत नाही.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांना या इतिहासातून घेण्याजोगे आणखी काही आहे. या शाळांच्या एकाच वर्गात घरी अस्खलित मराठी बोलणारे मूल असते, आजीशी मराठी पण भावंडांशी हिंदी बोलणारे असते, आणि आईवडिलांच्या दोन भाषांमध्ये वाढणारेही असते. शाळेबाहेरच्या रस्त्यावर, बाजारात, बसमध्ये मराठी कानी पडत नाही. मराठी बोलायची जागा म्हणजे घर आणि शाळा. आता साधा हिशेब करावा. ४० मिनिटांच्या तासाला ४० विद्यार्थी असतील आणि शिक्षकांनी एकही शब्द न बोलता सारा वेळ मुलांना वाटून दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. प्रत्यक्षात तेवढेही येत नाही. त्याच तासातील १० मिनिटे मुलांनी जोडीजोडीने धड्यावर बोलण्यात घालवली, तर प्रत्येकाला ५ मिनिटे बोलायला मिळतात. वर्षाच्या अखेरीस हा फरक मोठा होतो. ‘तो पेन’ आणि ‘ती वही’ यांतले लिंग शिक्षकांनी लाल शाईने सुधारले तर मूल खजील होऊन गप्प बसते. मैत्रिणीने बोलता बोलता सुधारले तर ते पुढचे वाक्य बोलते. भाषा टिकते ती अशा पुढच्या वाक्यांमुळे.

यासाठी शाळेला काही खर्च करावा लागत नाही, पण काही सवयी बदलाव्या लागतात. बोलणारा वर्ग म्हणजे बेशिस्त वर्ग, ही समजूत शिक्षकांना आणि पालकांनाही सोडावी लागते. कामाचा गलबला आणि नुसता गोंगाट यांतला फरक दाराबाहेर उभे राहून दोन मिनिटे कान दिला की कळतो. गट पाडले म्हणजे काम संपले असे नाही. कोणाला कोणाजवळ बसवायचे, कोणता तुकडा कोणाच्या हाती द्यायचा, केव्हा मध्ये पडायचे आणि केव्हा गप्प राहायचे, हे शिक्षकांनी घरून ठरवून यावे लागते. मुलांनी मुलांना शिकवल्यामुळे शिक्षकांचे काम कमी होते, हा लँकेस्टरचा हिशेब चुकला होता. काम कमी होत नाही, ते अधिक बारकाईचे होते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी एकत्र येतात, तेव्हा जुन्या शिक्षकांची आठवण जशी निघते, तशीच बाकावरच्या सोबत्याचीही निघते. त्रैराशिक कोणी समजावले होते, संधी सोडवायला कोणी शिकवले होते, प्रयोगवहीतील आकृती कोणाच्या शेजारी बसून काढली होती, हे अनेक वर्षांनंतरही नेमके सांगता येते. त्या मदतीची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात झालेली नसते. इक्केरीच्या ओसरीवरील वाळू तर त्याच दिवशी पुसली गेली. ती मुले पुढे कोण झाली, हे कोणालाही ठाऊक नाही. चौघे एकत्र बसले तर चूक टिकत नाही, हे त्यांचे उत्तर मात्र चारशे वर्षे टिकले आहे. आजच्या वर्गातील बाके थोडी जवळ सरकवली, तर ते उत्तर पुन्हा ऐकू येईल.